गंधकाच्या एका टनाची किंमत कोण धरणार?

धुरांडे
जुलै २०२५ च्या अधिसूचनेने ‘सी’ वर्गातल्या (मोठ्या शहरांपासून आणि अतिप्रदूषित भागांपासून दूर असलेल्या) औष्णिक केंद्रांना, चिमणीच्या उंचीची अट पाळली तर, एफजीडीतून (धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या लगद्यात धुऊन काढणारी यंत्रणा) मोकळं केलं. अशा निर्णयाच्या टिपणीत आरोग्यखर्चाचा रकाना सक्तीचा हवा.

ढोबळ हिशोब: ५०० मेगावॉटचा संच, भार ६० टक्के, युनिटला ६५० ग्रॅम कोळसा, त्यात अर्धा टक्का गंधक. जळल्यावर वजन दुप्पट, म्हणजे युनिटमागे साडेसहा ग्रॅम, वर्षाला सुमारे १७,००० टन. एफजीडीला मेगावॉटमागे ८० लाख धरा: ४०० कोटी. व्याज-घसारा १५ टक्के धरला तर वर्षाला ६० कोटी, युनिटला २३ पैसे. ९२ टक्के वायू पकडला तर टनामागे ३८,००० रुपये, चालवायचा खर्च वेगळा. एका टनाचं नुकसान याहून जास्त की कमी?

भारनियमन
असहमत. केंद्राभोवती सल्फर डायऑक्साइड २४ तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत असेल, तर पैसे आधी राख पकडण्यावर घाला. शिवाय टनभर वायू पकडायला दीड टनावर चुनखडी लागते आणि त्यातून पाऊण टनाच्या आत-बाहेर कार्बन डायऑक्साइड सुटतो.

धुरांडे
२७५ मीटरची चिमणी बांधायची आणि तिच्या पायथ्याशी मोजायचं? वायू दूर जातो, वाटेत त्याचा सल्फेट होतो, शेतातल्या खताच्या अमोनियाशी जुळतो आणि पीएम २.५ (फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण) म्हणून भलत्याच जिल्ह्यात उतरतो. तुमचा कार्बन वर्षाला ११,००० टन; संच स्वतः २५ लाखांच्या आसपास सोडतो. एफजीडी स्वतः टक्काभर वीज खातं, हा त्याहून मोठा आक्षेप तुम्ही घेतलाच नाहीत!

वक्ररेषा
मोजा, पण जपून. हवा आधीच घाण असेल तर धोक्याचा वक्र (प्रदूषण वाढेल तसा मृत्यूचा धोका किती वाढतो ते दाखवणारी रेषा) सपाट होत जातो. स्वच्छ शहरांतल्या अभ्यासाचा चढ इथे सरळ लावला तर आकडा फुगतो. दुसरी खोच: टाळलेल्या मृत्यूचं मोल स्थानिक उत्पन्नावरून काढलं, तर चंद्रपूरचा माणूस मुंबईकरापेक्षा स्वस्त ठरतो. देशभर एकच आकडा धरा. समजा १० कोटी. मग ६० कोटी म्हणजे वर्षाला सहा अकालमृत्यू. प्रतिमान (हवेतून पसरणाऱ्या प्रदूषणाचे मृत्यू मोजणारं गणित) सहाच्या वर जातं का, तेवढं बघा.

भारनियमन
वक्र बदलला की तीन मृत्यूंचे नऊ होतात. वीजदर अशा रबरी आकड्यावर?

धुरांडे
मग तीनही छापा, नऊही छापा. सध्या आरोग्यखर्च शून्य धरला जातो.