जेवताना पाणी प्यायचं की नाही? मुलाचा पेला ताटाजवळून का उचलायचा?

गोदाकाठ :

मागच्या रविवारी दुपारी आमच्याकडे ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. माझा नऊ वर्षांचा मुलगा ताटावर बसला आणि सासूबाईंनी त्याच्या पाण्याचा पेला उचलून ओट्यावर नेऊन ठेवला. "जेवण झाल्यावर तासाभराने पी. जेवताना पाणी म्हणजे विष." चौथ्या घासाला त्याला ठसका लागला. तोंड लालबुंद, डोळ्यांतून धारा. मी पेला आणायला उठले तर आई म्हणाल्या, "वर बघ रे, थांबेल आत्ता." थांबला. पण उरलेली अर्धी भाकरी त्याने तशीच टाकली.

आईंवर माझा राग नाही, नातवाच्या काळजीपोटीच करतात त्या. पण हा नियम त्यांच्या माहेरचा नाही की सासरचा नाही. तीन वर्षांपूर्वी मोबाइलवर एक निरोप आला आणि घरात कायदा झाला. आमच्या लहानपणी ताट वाढायच्या आधी तांब्या-भांडं मांडायचो. पाटाच्या डाव्या अंगाला, म्हणजे उजवा हात खरकटा असला तरी डाव्या हाताने भांडं उचलता येतं. पंगतीत भात वाढणाऱ्याच्या मागोमाग पाणी वाढणारा यायचाच. आजोबा जेवणाआधी आपोशन घ्यायचे, जेवण झाल्यावर पुन्हा घ्यायचे. पहिल्या मंत्रात ते पाणी अन्नाखालचं अमृताचं अंथरूण, शेवटच्यात वरचं झाकण. ज्या घरात जेवण पाण्याने सुरू होऊन पाण्याने संपायचं, त्या घरात पाणी विष कधी झालं?

त्या निरोपातला श्लोक मी शोधला. चाणक्याच्या नावाने सांगतात तो :

अजीर्णे भेषजं वारि जीर्णे वारि बलप्रदम् ।
भोजने चामृतं वारि भोजनान्ते विषप्रदम् ॥

"भोजने चामृतं", जेवताना पाणी अमृत, असं त्याच ओळीत लिहिलंय. निरोपवाल्यांनी अर्धी ओळ कापली आणि उरलेली अर्धी घरोघर वाटली.

माझं म्हणणं सरळ आहे. साधं पाणी मुलाच्या ताटाशेजारी हवं, मागावं लागू नये. तुमच्या घरी काय चालतं? विरोधात असाल तरी लिहा, फक्त कारणासकट लिहा.

जुना_मास्तर :

ताई, मी विरोधात आहे. वय ६८. पंचवीस वर्षं शाळेतून येऊन घाईघाईने जेवायचो, प्रत्येक दोन घासांना घोटभर पाणी. पोट फुगायचं, रात्री घशाशी आंबट यायचं. जेवताना पाणी बंद केलं आणि महिनाभरात फरक पडला. घास चावायची सवय लागली. पाण्याने घास ढकलणारा माणूस चावत नाही, हे मी स्वतःवर पाहिलंय. अग्नी पेटलेला असताना त्यावर पाणी ओतू नये, हे सांगायला निरोप लागत नाही. लहानपणीच शिस्त लावलेली काय वाईट?

साधा_डॉक्टर :

मास्तर, तुमचा अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळं. जठर म्हणजे आम्ल भरून ठेवलेला हंडा नव्हे, की वरून पेलाभर पाणी पडलं आणि पातळ झालं. अन्न पोटात गेलं की आम्ल पाझरत राहतं. दिवसाकाठी दीड-दोन लिटर जठररस तयार होतो. शिवाय जे खातो त्यातच पाणी आहे. शिजलेल्या भाताच्या वजनात सुमारे दोन-तृतीयांश पाणी असतं, वरणात त्याहून जास्त. पाण्याने अग्नी विझत असता तर वरण-भात कुणाला पचलाच नसता.

ज्यांना घशाशी येतं, त्यांचं पोट एकदम भरलं की जठराच्या तोंडाशी असलेल्या झडपेवर दाब येतो. मग ते पाणी असो, सार असो, नाहीतर दुसरी पोळी. अशांनी जेवताना बेताचंच प्यावं. पण ६८ वर्षांच्या माणसाचं पथ्य नऊ वर्षांच्या पोराला कशाला? आणि कोरडी भाकरी खाताना ठसका लागलेल्या मुलाचा पेला लांब ठेवणं मला मुळीच पटत नाही.

काढा_चूर्ण :

आयुर्वेदाच्या नावावर हे खपवतात म्हणून लिहिते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात स्पष्ट आहे : "समस्थूलकृशा भुक्तमध्यान्तप्रथमाम्बुपाः". जेवणाच्या मध्ये पाणी पिणारा सम राहतो, शेवटी पिणारा स्थूल होतो, आधी पिणारा कृश. म्हणजे मध्येच प्या असं सांगितलंय, घोट-घोट. 'आयुर्वेदात मना केलंय' म्हणणाऱ्यांनी मूळ उघडून बघावं. मात्र मध्ये म्हणजे तांब्याभर नव्हे, आणि फ्रीजमधलं तर नव्हेच.

दोन_लेकरांची :

मला मास्तरांची बाजू घ्यावीशी वाटते, पण आम्लाबिम्लासाठी नाही. माझा धाकटा पाच वर्षांचा. भाजी दिसली की आधी पाणी मागतो. पेला रिकामा, मग "आई, पोट भरलं". अर्ध्या तासाने बिस्किटाचा डबा. घरात पेला लपवणारी मीच, आणि त्याची मला लाज नाही. वरण-भाताचे आठ-दहा घास पोटात गेले की पाणी देते. ताई, तुमचं पोर स्वतःहून भाकरी खातं, प्रत्येकाचं खात नाही.

गोदाकाठ :

हे मात्र मी धरलं नव्हतं. पाच वर्षांच्या मुलाला पहिले घास पोटात गेल्यावर पाणी, हे मला मान्य आहे. तुमच्याकडे पाणी मिळतं, फक्त थोडं नंतर. आमच्याकडे तासाभराची बंदी आहे. दोन्हींत फरक करा एवढंच म्हणते.

आगळवाली :

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी हा वाद कधी झालाच नाही, कारण जेवताना पाण्याची आठवणच होत नाही. वाटीत सोलकढी असते. आधी थोडी पितात, मग मागच्या भातावर घेतात. आई सकाळी दहा-बारा सोलं, म्हणजे कोकमाच्या सुकवलेल्या साली, कोमट पाण्यात टाकायची. ओला नारळ खवून, वाटून पहिलं घट्ट दूध पिळायचं, मग चोथ्यात पाणी घालून दुसरं. दोन पाकळ्या लसूण आणि एक हिरवी मिरची ठेचून. सोलांचं पाणी शेवटी, पानं मांडायच्या वेळेला. दूध जांभळट गुलाबी होताना मी भांड्यात डोकं घालून बघत बसायचे, अजूनही बघते.

बंगड्याच्या तिखल्यानंतर पाणी प्यालं तर तोंडाची आग विझत नाही, नुसती पसरते. नारळाच्या दुधाने विझते. तेव्हा माझं मत असं, की जेवणाबरोबरचं पेय त्या जेवणातलंच असावं. पाणी प्या, पण ते बाहेरून आणून ठेवल्यासारखं.

काळी_माती :

ताई, तुमच्या अंगणात माड आहे म्हणून सोलकढी. मी लातूर जिल्ह्यातला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आमच्याकडे पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जेवताना प्रत्येकाला एक पेला, मोजून. पाहुणा आला तर त्याला आधी, मग आपण. माझी आई स्वतःच्या पेल्यातलं अर्धं ठेवायची, पोरांपैकी कुणी मागितलंच तर असावं म्हणून. त्यामुळे पेला भरलेला असताना तो पोरापासून लांब ठेवलेला मला बघवत नाही. मी मूळ धाग्याच्या बाजूने.

रवी_आणि_डेरा :

सगळे पाण्यावर भांडताय, ताकाचं कुणी नाव काढत नाही. ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर ताकच. ठसका लागायचं कारणच राहत नाही. घरोघर ताक सुरू करा, वाद मिटला.

रोज_सहाला_उठते :

दादा, ताक करणार कोण? विरजण कोण लावणार, साय कोण काढणार, घुसळून झाल्यावर तुपकट भांडी कोण घासणार? आमच्या गावी दोन म्हशी होत्या तेव्हा आजी एक दिवसाआड डेरा घुसळायची. लोणी पाहिजे असायचं, ताक उरायचं, म्हणून गल्लीतल्या बायका चरवी घेऊन यायच्या आणि कुणी पैसे घ्यायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ताकापुरती आजी, या म्हणी त्या देण्याघेण्यातूनच आल्या. मग डेअरी आली, दुधाला फॅटवर दर मिळायला लागला, सकाळी सहाला कॅन संकलन केंद्रावर. त्या पैशांवर माझं आणि भावाचं शिक्षण झालं, म्हणून डेअरीला नावं ठेवणार नाही. पण घरातलं ताक तेव्हाच संपलं. आता शहरात पिशवीच्या दुधाचं ताक करायचं म्हणजे पैसेही जातात आणि बाईचा अर्धा तासही. पाणी नळाला येतं, कुणालाही हाताने घेता येतं. मला पाणीच बरं.

रवी_आणि_डेरा :

ताई, मी स्वतः करतो. रात्री विरजण मी लावतो, सकाळी रवी मीच फिरवतो, भांडंही मीच घासतो. त्याशिवाय बोललो नसतो. पण पहिल्या प्रतिसादात हे लिहायला हवं होतं, तुमचा प्रश्न बरोबर आहे.

उपकेंद्रातली :

मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. तुम्ही पाणी की ताक म्हणताय, माझ्या भागात जेवण म्हणजे चहा-चपाती. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया पहाटे चहात भाकरी बुडवून निघतात. स्वस्त, गरम, लगेच होणारं. मी त्यांना दोष देत नाही. पण धान्य-भाजीतलं लोह चहामुळे अंगी लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत सांगितलंय, जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलं. लोहाच्या गोळ्या मी वाटते, आणि त्या चहाबरोबर घेतल्या जातात. तासाभराची बंदी घालायचीच असेल तर ती चहावर घाला. पाण्याबरोबर लिंबू पिळलं तर उलट फायदाच आहे, क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जातं.

जुना_मास्तर :

नर्सबाई, जेवण झालं की लगेच अर्धा कप चहा, ही माझी चाळीस वर्षांची सवय. पाणी सोडलं आणि हे धरून ठेवलं. आजपासून चार वाजताच घेईन. पण पाण्याबद्दल माझं मत आहे तेच आहे : चावल्याशिवाय पाणी नाही.

शनिवारची_पावभाजी :

आमच्याकडे शनिवारी पावभाजी आणि थंड पेयाची मोठी बाटली. आठवड्यातून एकदा. त्यात एवढं काय? मुलं आनंदात जेवतात, सगळे एकत्र बसतात.

साधा_डॉक्टर :

एकदाच असेल तर मी भांडणार नाही. पण ३०० मिलीच्या पेल्यात साधारण ३२ ग्रॅम साखर जाते, चहाचे आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. मुलं दुसरा पेला मागतात, तिथे प्रश्न सुरू होतो. ज्या घरात पाण्याला विष म्हणतात आणि ही बाटली चालते, तिथे माझं डोकं चालत नाही.

गोदाकाठ :

डॉक्टर, हे आमच्याच घरचं चित्र आहे, लिहायचं राहिलं होतं. गेल्या महिन्यात वाढदिवसाला हीच बाटली ताटाशेजारी होती आणि कुणी हरकत घेतली नाही, मीसुद्धा.

काल वाग्भटाची ओळ आईंना वाचून दाखवली, अर्थासकट. त्या काही बोलल्या नाहीत. आज सकाळी त्यांनी माळ्यावरून त्यांच्या आईचं तांब्या-भांडं काढायला लावलं, चिंच लावून घासलं आणि नातवाच्या ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलं. अट एकच : पाणी माठातलं, आणि घास गिळून झाल्यावरच घोट. ही अट मला मंजूर आहे, मास्तरांनाही होईल. तो भांडं वर धरून प्यायला शिकतोय, निम्मं पाणी सदऱ्यावर.

आगळवाली ताई, इथे सोलं नीट मिळत नाहीत, आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली मिळाली. रविवारी करून बघते. चार जणांना किती घालू?

आगळवाली :

एका नारळाच्या दुधाला चार-पाच चमचे घालून चव बघा, मग वाढवा. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका. आणि एकदा कालवल्यावर गॅसवर चढवू नका, फुटते.