मदत हवी आहे: आजोबांचे लढाईतले विमानाचे फोटो, मागे मोडी मजकूर

नमस्कार मंडळी,

कऱ्हाडजवळच्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना आजोबांचा अल्बम सापडला. काळी जाड पानं, मध्ये बटर पेपर, नऊ फोटो. सगळे पत्त्याच्या पानापेक्षाही लहान. आजोबा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होते, एवढंच घरात माहीत. "तिकडं पाऊस लई," यापलीकडे ते कधी बोलले नाहीत. नंतर जन्मभर एसटीच्या डेपोत इंजिनं खोलली.

विमान कोणतं ते माझ्या परीने शोधलंय. चुकत असेन तर जाणकारांनी कान धरावा. शेपटीकडच्या अंगावर लांब लांब उंचवटे दिसतात, बरगड्यांवर कापड ताणून बसवल्यासारखे. चाकं एकमेकांपासून चांगली लांब आहेत, आणि एका पंखातून दोन लांब नळ्या पुढे आल्यात. चार २० मिमी तोफांचं हरिकेन टू-सी हे ब्रिटिश लढाऊ विमान असावं. अंगावरच्या गोल चिन्हाचा मधला ठिपका काळपट नाही, फिका आहे. जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गल्लत होऊन आपल्याच लोकांनी आपली विमानं पाडू नयेत, म्हणून १९४३ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चिन्हातला लाल रंगच काढून टाकला होता. म्हणजे फोटो त्यानंतरचा.

पण गाडी पुढे अडलीय. १९४४ मध्ये इंफाळला जपान्यांचा वेढा पडला तेव्हा अर्जन सिंग यांची पहिली स्क्वाड्रन (हवाई दलाची तुकडी) तिथे हरिकेन घेऊन होती. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या आराकानकडे मेहर सिंग यांची सहावी, तिचीही हरिकेनच. आजोबा कुठल्या तुकडीत होते, हे नुसत्या विमानावरून काय ठरवणार?

आणि खरं सांगायचं तर मला विमानापेक्षा माणसं शोधायचीत. सगळ्यात चांगल्या फोटोत इंजिनावरचा पत्रा काढलेला आहे, आजोबा पंखावर उकिडवे बसलेत, दातात स्क्रू धरलेत. खाली एक सरदारजी हात पुसतायत. चाकाला टेकून एक अनवाणी पोरगा, हातात किटली. स्क्वाड्रनच्या रोजनिश्यांत प्रत्येक उड्डाणाला वैमानिकाचं नाव असतं. रात्रभर इंजिन खोलणाऱ्याचं नसतं, आणि किटलीवाल्याचं तर नाहीच नाही.

तर मदत अशी हवी आहे. कोणाला मोडी येते का? दोन फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहिलंय, मला ओ की ठो कळत नाही. बाकीचे सात पानांना खळीने चिकटलेत, ते कसे सोडवावेत? एक फोटो स्कॅन करायला दिला होता, तर त्या स्टुडिओवाल्याने "डाग काढतो" म्हणत ओल्या फडक्याने पुसला आणि एका माणसाचा चेहराच निघून आला. तेव्हापासून कोणाच्या हातात द्यायची छाती होत नाही. आणि १९४७ आधीच्या जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांची सेवा-नोंद नातवाला मिळू शकते का? दिल्लीत सुब्रतो पार्कला असलेल्या हवाई दलाच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज केलेलं कोणी आहे का इथे?

अपडेट: मोडी वाचून देणाऱ्या ताईंचे शतशः आभार! पहिल्या फोटोमागे आहे, "चहावाला मणिपुरी पोर. साखर नसली तरी चहा करतो." म्हणजे पारडं इंफाळकडे झुकलं. दुसऱ्यामागे, "सरदारजीचा पत्ता लाल वहीत." वही अल्बमसोबत नव्हती. रविवारी परत माळ्यावर चढतोय. तोवर चिकटलेल्या फोटोंचं कोणीतरी सांगा.