बल्ब पांढरेफटक पेटले आणि कॉम्प्युटर गेला. आधी काय तपासू?

झेरॉक्सवाली_नंदगड
नमस्कार. खानापूर तालुक्यात नंदगडजवळ माझं झेरॉक्स-डीटीपीचं छोटं दुकान आहे. मराठी पत्रिका श्रीलिपीत, कन्नड अर्ज नुडीत, शिवाय शेतजमिनीचे आरटीसी उतारे. सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं.

मंगळवारी दुपारी वळीव आला. आंब्याची फांदी तारांवर पडली आणि दुकानातले बल्ब एकदम पांढरेफटक पेटले, पंखा सुसाट फिरायला लागला. मेन स्विचपर्यंत पोचेपर्यंत ‘फट्’ असा आवाज आणि जळका वास. समोरच्या किराणा दुकानात मात्र त्याच वेळी बल्ब मिणमिणत होता, हे मी स्वतः बघितलं. आता कॅबिनेटचं बटन दाबलं तर काहीच होत नाही. राउटरचा अडॅप्टर गेला, पण शेजारच्यांचा अडॅप्टर लावला तर राउटर चालतो. स्पाइक गार्डचा (झटक्यापासून वाचवणाऱ्या प्लगपट्टीचा) लाल दिवा अजून पेटतो. यूपीएसची बॅटरी फेब्रुवारीत गेली म्हणून तो काढून ठेवला होता, कॉम्प्युटर थेट स्पाइक गार्डवर होता.

सगळे म्हणतात वीज पडली. एकाने तर मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या म्हणून सांगितलं. हार्डडिस्कमध्ये तीन पत्रिका आहेत, त्यातलं एक लग्न २१ तारखेला. काय करू, सांगा की.

वडगाव_बेंच
ताई, पहिलं म्हणजे कॅबिनेटची पिन काढून ठेवा आणि परत परत बटन दाबू नका. कुणाच्या सांगण्यावरून आज बोर्डही घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय त्यावरून ही वीज नव्हे, न्यूट्रल (करंट परत जाण्याची तार) तुटलाय. तुमच्याकडे बल्ब पांढरा आणि समोर मिणमिणता, ही त्याचीच खूण. गावातली लाइन तीन फेजची असते. घराला एक फेज मिळते, न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये ४००. न्यूट्रल सुटला की तुमचं दुकान आणि दुसऱ्या फेजवरचं समोरचं दुकान त्या ४०० व्होल्टवर एकापुढे एक जोडल्यासारखी होतात. ज्याच्याकडे लोड जास्त त्याला व्होल्टेज कमी, ज्याच्याकडे लोड कमी त्याला जास्त. समोर फ्रीज चालू असणार, तुमच्याकडे एक कॉम्प्युटर, पंखा आणि बल्ब. इथे वडगावात मागाच्या गल्ल्यांत माझं दुकान आहे. एका पट्ट्यातले माग बंद आणि दुसऱ्यातले चालू असताना न्यूट्रल सुटला, तर बंद बाजूच्या घरांतले टीव्ही संध्याकाळी माझ्याकडे येतात.

आता कॉम्प्युटरचं. एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्यात, २३० व्होल्ट शिरून डीसी झाले की साधारण ३२५ होतात. तुमच्याकडे ३५० आले असतील तर तेच ४९५ झाले. आतला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असतो ४०० किंवा ४५० व्होल्ट सोसणारा. बऱ्याच एसएमपीएसमध्ये करंट शिरतो तिथेच चपटा गोल व्हॅरिस्टर असतो. तो जास्त व्होल्टेजला स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो. तुमचा ‘फट्’ बहुतेक त्याचा. नुकसान तिथेच थांबलं असेल तर बोर्ड शाबूत असतो. अडॅप्टर जाऊन राउटर वाचला, हेही त्याच बाजूचं लक्षण.

तपासायचं असं. पिन काढून पंधरा मिनिटं थांबा, मग एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्डापासून सोडवा. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि कुठलीही काळी वायर क्लिपच्या तारेने जोडा, मगच करंट द्या. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला. फिरला तरी लगेच विश्वास ठेवू नका, मल्टीमीटर लावा: जांभळी ५, लाल ५, पिवळी १२, नारंगी ३.३. पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. पिन काढल्यावरही त्या कपॅसिटरात जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं.

दुसरा एसएमपीएस जोडण्याआधी बोर्डावर प्रोसेसरजवळच्या चार पिनच्या सॉकेटमध्ये पिवळी आणि काळी यांच्या जागांवर मीटर बीपवर लावा. सलग बीप वाजला तर बोर्डावर शॉर्ट आहे, मग जोडू नका, घेऊन या. नाही वाजला तर फक्त प्रोसेसर आणि एक रॅम ठेवून सुरू करा. हार्डडिस्क सगळ्यात शेवटी. आधी ती दुसऱ्या चांगल्या मशीनला लावून पत्रिका काढून घ्या. ती फिरलीच नाही तरी आशा सोडू नका. डिस्कच्या सर्किटवर ५ आणि १२ व्होल्टच्या तोंडाशी संरक्षणाचे डायोड असतात, बरेचदा तेवढेच शॉर्ट होतात आणि आतला डेटा जागेवर असतो.

स्पाइक गार्डच्या दिव्यावर जाऊ नका. बऱ्याच गार्डांत तो फक्त करंट येतोय एवढंच सांगतो, आतला व्हॅरिस्टर जिवंत आहे का ते सांगत नाही. तो गार्ड टाकून द्या.

निवृत्त_वायरमन_खानापूर
वरच्यांचं निदान बरोबर आहे. पुढच्यासाठी थोडं सांगतो. न्यूट्रल तुटला की जादा व्होल्टेज कितीतरी मिनिटं राहतं. स्पाइक गार्ड बनवलेला असतो सेकंदाच्या अगदी बारीक अंशाच्या झटक्यासाठी, तो इथे जळून जातो. विजेच्या मीटरच्या पुढे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या. २७० च्या वर गेलं की तो लाइन तोडतो आणि ठीक झाल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडतो. यूपीएसची बॅटरीही बदला. चांगला यूपीएस जादा व्होल्टेज आलं की लाइन सोडून बॅटरीवर जातो, पण बॅटरीच नसेल तर त्याला जायला जागा नाही.

आकाशातल्या विजेसाठी वेगळा उपाय: डीबीत (मेन स्विचच्या पेटीत) टाइप २ एसपीडी, म्हणजे झटका अर्थकडे वळवणारं उपकरण. त्याला अर्थिंग लागतंच. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर अर्थ तुटलेला आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे अर्थ नसलेल्या कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज तरंगतं. आपल्याकडे तांबडी जांभ्याची जमीन, उन्हाळ्यात ती वाळते आणि अर्थ कमकुवत होतो. मार्च ते मे अर्थच्या खड्ड्यात पाणी घालत जा. प्लगमध्ये अर्थ ते न्यूट्रल मोजा, दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आणि अंदाजाने न्यूट्रल अर्थला जोडून देणारा कुणी आला तर त्याला हात लावू देऊ नका. त्याने माणूस मरतो.

निपाणीकर_सायबर
आमच्याकडे खरीच वीज आली होती, म्हणून फरक सांगतो. रस्त्यापलीकडच्या घरातून लॅन केबल तारेवरून ओढली होती. कॉम्प्युटर सुरू व्हायचा, पण नेटचं पोर्ट मेलेलं आणि पलीकडचा स्विचही. म्हणजे झटका केबलमधून आला. आता दोन इमारतींमध्ये फायबरच टाकलंय, त्यातून करंट येत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा. ते जवळपास वीज पडत असल्याची सूचना देतं. सूचना आली की आम्ही पिन आणि केबल दोन्ही काढतो. ढग डोक्यावर आल्यावर मात्र हात लावत नाही.

झेरॉक्सवाली_नंदगड
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. लाइनमन येऊन गेले, खांबावरचा न्यूट्रलच सुटला होता.

भावाने मीटर आणला. हिरवी-काळी जोडून पंखा फिरला नाही, जांभळीवर शून्य. बोर्डावर बीप वाजला नाही. बेळगावहून एसएमपीएस आणला, एका रॅमवर स्क्रीन आली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. त्याआधी हार्डडिस्क भाच्याच्या मशीनला लावली होती, तिन्ही पत्रिका निघाल्या. २१ तारखेची आज छपाईला गेली. प्रिंटर मात्र अजून मेलेला आहे.

कॅबिनेटला मुंग्या यायच्या, वर्षभर. मला वाटायचं सगळ्यांच्याच येतात. अर्थ ते न्यूट्रल ३८ व्होल्ट दाखवतंय. रविवारी वायरमन येणार आहेत, तोवर दुकान बंद ठेवते. वडगावच्या दादा, प्रिंटर सोमवारी तुमच्याकडे घेऊन येऊ का?

वडगाव_बेंच
या की. दहानंतर या, आणि पॉवर केबलसुद्धा सोबत आणा.