अनुभव धागा : रेझ्युमेमध्ये आपले काम कसे मांडले?

रेझ्युमेचे तयार नमुने हवे तेवढे मिळतात. मात्र नमुन्यातल्या रिकाम्या जागा भरताना, वर्षानुवर्षे केलेले काम नेमके कोणत्या शब्दांत लिहायचे, हा प्रश्न बहुतेकांना एकट्यानेच सोडवावा लागतो. म्हणून आपापल्या क्षेत्रातील अनुभव येथे लिहावेत, अशी सर्वांना विनंती आहे. रेझ्युमेत कोणते वाक्य लिहिले आणि मुलाखतीत त्यावर काय विचारले गेले, एवढे अवश्य सांगावे. सुरुवात मी करतो.

मनुष्यबळ विभाग, चाकण

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी भरतीचे काम पाहतो. आयटीआय झालेल्या बऱ्याच मुलांच्या अर्जात ‘सीएनसी मशीनचा (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्राचा) अनुभव’ एवढेच लिहिलेले असते. तेवढ्यावरून उमेदवार फक्त नग लावून सायकल स्टार्टचे बटण दाबत होता की सेटिंगही स्वतः करत होता, हे कळायला मार्ग नसतो. आणि पद व पगार तर याच फरकावरून ठरतात. एका तरुणाने मात्र लिहिले होते, ‘फॅनुक कंट्रोलच्या टर्निंग सेंटरवर शाफ्टचे काम. ड्रॉइंग वाचून टूल ऑफसेट स्वतः घेतो. इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग मायक्रोमीटरने मोजून क्वालिटीची मंजुरी घेतो.’ (टर्निंग सेंटर म्हणजे गोल भाग कापणारे सीएनसी यंत्र, टूल ऑफसेट म्हणजे हत्याराचे यंत्राला दिलेले माप आणि इन्सर्ट म्हणजे हत्याराचे बदलता येणारे कापणारे टोक.) उत्पादन विभागाच्या व्यवस्थापकांनी अर्ज वाचला आणि त्याला बोलावून पहिलाच प्रश्न विचारला, की बाहेरचा व्यास ०.०२ मिलिमीटर जास्त येऊ लागला तर काय करशील? ‘एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये उणे ०.०२ देईन आणि पुढचा नग पुन्हा मोजेन,’ असे उत्तर आले, म्हणजे हत्याराच्या झिजेसाठी यंत्रात तेवढी दुरुस्ती भरेन. त्याच्या रेझ्युमेतली तीन वाक्ये नसती, तर हा प्रश्न विचारावा असे कोणाला सुचलेही नसते.

छंद, वैवाहिक स्थिती आणि ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र यांसाठी अर्धे पान खर्च होते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आयटीआयचा ट्रेड, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, अप्रेंटिसशिप कोठे केली आणि कोणती मोजमापाची साधने हाताळली, हे आम्हाला आधी हवे असते.

लेखापाल, नाशिक

मुले लहान असताना मी नोकरी सोडली तेव्हा व्हॅट आणि सेवाकर होते. पुन्हा काम शोधू लागले तोवर १ जुलै २०१७ पासून लागू झालेला जीएसटी सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. मधली वर्षे दिसू नयेत म्हणून तारखा गाळाव्यात, असे काहींनी सुचवले. ते मला पटले नाही, कारण तारखा नसलेला रेझ्युमे वाचणाऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकतेच. मी ‘कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीत खंड’ अशी एकच ओळ वर्षांसह लिहिली आणि त्याखाली त्या काळातले काम मांडले. आमच्या गृहनिर्माण संस्थेची मी खजिनदार होते. देखभाल शुल्काची बिले, थकबाकीचा पाठपुरावा, बँकेच्या खात्याशी महिन्याचा मेळ आणि लेखापरीक्षकांना कागदपत्रे देणे ही सारी कामे बिनपगारी असली तरी हिशेबाचीच होती. नंतर एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काही काळ बसून शिकले. त्याविषयी ‘जीएसटीचे ज्ञान’ असे न लिहिता ‘खरेदीची नोंदवही व जीएसटीआर-२बी यांचा मेळ घालणे, तफावत असल्यास पुरवठादाराकडे पाठपुरावा करणे’ असे लिहिले. (२बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारे आपल्या खरेदीचे विवरण.)

मुलाखतीत खंडाबद्दल जेमतेम एक प्रश्न आला. उरलेला सगळा वेळ एखादे बिल आपल्याकडे आहे पण २बीमध्ये दिसत नाही, तर कारणे काय असू शकतात, यावर गेला. पुरवठादाराने जीएसटीआर-१ हे विक्रीचे विवरणपत्र भरले नसेल, उशिरा भरले असेल किंवा आपला जीएसटी क्रमांक चुकीचा टाकला असेल, हे मी उदाहरणांसह सांगू शकले, कारण त्यासाठी फोन मीच केले होते.

अक्षरजुळणी व्यावसायिक, सोलापूर

माझ्याकडे रेझ्युमे टाईप करून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तयार पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून दाखवतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधले मराठी तेथे अगम्य चिन्हे होऊन उतरते आणि दोन रकान्यांच्या रचनेत कधी कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळते. मोठ्या कंपन्यांकडे अर्ज आधी संगणक वाचतो, त्यामुळे एका रकान्याची साधी मांडणी बरी.

यंत्र अभियंता, श्टुटगार्ट

जर्मनीत नोकरी शोधताना रेझ्युमे कोष्टकासारखा, ताजी नोकरी आधी आणि प्रत्येक नोंदीला महिना-वर्ष, अशा स्वरूपात द्यावा लागला. छायाचित्र तेथे बंधनकारक नाही, पण लावण्याची पद्धत अजूनही आढळते. अमेरिकेला अर्ज करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मात्र छायाचित्र आणि जन्मतारीख दोन्ही वगळले. जर्मनीत भाषेपुढे ‘उत्तम’ लिहून भागत नाही, बी१ किंवा बी२ अशी युरोपीय मोजपट्टीवरील पातळी लिहावी लागते. सर्वांत जास्त उपयोग झाला तो जुन्या वरिष्ठांच्या पत्राचा. जर्मन कर्मचाऱ्याला नोकरी सोडताना कामाचे स्वरूप आणि मूल्यमापन सांगणारे प्रशस्तिपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क असतो, तर आपल्याकडील अनुभव प्रमाणपत्रात बहुधा पद आणि तारखाच असतात. मी सरांना विनंती करून कोणती फिक्श्चर (काम करताना नग पक्का धरून ठेवणारी साधने) मी डिझाइन केली हे लिहून घेतले आणि रेझ्युमेतही त्याच क्रमाने मांडले.

कृषी पदवीधर, तासगाव

नोकरीचा अनुभव नसलेल्यांसाठी लिहिते. द्राक्ष निर्यात करणाऱ्या पॅकहाऊसमध्ये अर्ज करताना माझ्याकडे अनुभवाच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नाही, असे घरच्यांना वाटत होते. पण आमची बाग निर्यातीसाठी नोंदणी केलेली आहे आणि तिची फवारणीची नोंदवही मी ठेवत असे. औषधाचे नाव, प्रमाण, फवारणीची तारीख आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हे सारे त्या वहीत असते. द्राक्षात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या तपासणीत नमुना नापास झाला तर माल परदेशी जात नाही. मी हे ‘घरच्या शेतीत मदत’ असे न लिहिता प्लॉटचे क्षेत्र, वाण आणि हंगाम यांसह लिहिले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी वही आणली आहे का, असे विचारले. मी ती सोबत नेली होती. त्यांनी एका बुरशीनाशकाच्या नोंदीवर बोट ठेवून त्यानंतर काढणी कोणत्या तारखेला केली, ते दाखवायला सांगितले.