मारहाण सोसलेला कुत्रा घरी आणला आहे. त्याची भीती कशी घालवावी?

औंधकर : तीन आठवड्यांपूर्वी आम्ही साधारण चार वर्षांचा एक गावठी कुत्रा दत्तक घेतला. आधीच्या मालकाने त्याला हातभर साखळीने गॅरेजमध्ये बांधून ठेवले होते आणि शेजाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे तो रात्री भुंकला की पाण्याच्या पाइपने मारत असे. त्याच्या मानेभोवती पट्ट्याच्या रुंदीचा, केस गेलेला काळपट वळ अजून दिसतो. आम्ही त्याचे नाव बंड्या ठेवले आहे.

बंड्या दिवसभर ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत अंग चोरून बसतो. माझी पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी यांच्या हातून तो खातो, पण मी आसपास असेन तर ताटलीला तोंडही लावत नाही. परवा मी खुंटीवरची छत्री काढायला हात वर केला, तर त्याने जागच्या जागी लघवी केली. गेल्या रविवारी मुलगी त्या फटीत वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागली, तेव्हा तो गुरगुरला. मी घाबरून त्याच्यावर ओरडलो आणि तेव्हापासून तो अधिकच आक्रसला आहे. एकदा चांगले दटावले की सरळ होईल, असे वडील म्हणतात. मला ते पटत नाही, परंतु दुसरा मार्गही दिसत नाही. आमचे काय चुकत आहे?

रानजाई : तुमच्या वडिलांविषयी पूर्ण आदर राखून सांगते की, दटावण्याचा प्रयोग त्याच्यावर चार वर्षे झालेला आहे आणि त्याचा परिणाम तुम्ही रोज पाहत आहात.

गुरगुरणे हा उर्मटपणा नसून ‘जवळ येऊ नका, मला भीती वाटते’ असे सांगण्याचा त्याच्यापाशी असलेला सर्वांत सभ्य मार्ग आहे. त्यासाठी शिक्षा केली तर भीती तशीच राहते, फक्त इशारा देणे बंद होते. आणि पुढे एके दिवशी तो न गुरगुरता चावतो, तेव्हा ‘अचानक चावला’ असे आपण म्हणतो. त्याच्या आधीच्या खुणा ओळखायला शिका. भूक किंवा झोप नसताना ओठ चाटणे, जांभई देणे, मान फिरवून डोळ्यांच्या कडेने पांढरे दाखवत पाहणे, एकदम ताठरणे, यांपैकी काहीही दिसले की मागे सरकावे.

ती फट त्याला राहू द्या. तिथे जाड गोधडी घाला, मशीन लावण्याची वेळ ठरावीक ठेवा, आणि तो आत असताना कोणीही हात घालायचा नाही हा घराचा नियम करा. कुत्र्याच्या दृष्टीने डोक्यावरून येणारा हात हा मायेचा असेलच असे नाही. याच्या बाबतीत तर तो नेहमी मारण्यासाठीच आला.

तुम्ही स्वतः त्याच्याशी मैत्री करण्याचा प्रयत्न काही दिवस सोडून द्या. रोज ठरलेल्या वेळी पाच-सहा हातांवर, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसा, वर्तमानपत्र वाचा, आणि अधूनमधून उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा त्याच्या दिशेने न पाहता टाका. चिकन मीठ, कांदा, लसूण न घालता उकडावे. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतात. तुम्ही असताना त्याने तो खाल्ला नाही तर उठून निघून जा, म्हणजे नंतर खाईल. अंतर कमी करण्याचा निर्णय त्याचा असावा.

छत्रीचेही तसेच. ती दूर जमिनीवर आडवी ठेवायची आणि तो तिच्याकडे पाहील तेव्हा खाऊ द्यायचा. काही दिवसांनी ती किंचित हलवायची, मग उचलायची. तो थिजला किंवा त्याने खाणे थांबवले, तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे यावे. नव्या घरात रुळण्याचे टप्पे म्हणून तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा दत्तक देणारे सांगतात, पण मार खाल्लेल्या कुत्र्याला तो लावू नये. आमच्या कुत्रीने पुरुष पाहुण्यांसमोर जेवायला चौदा महिने घेतले आणि झाडू दिसला की ती आजही खोलीबाहेर जाते.

पशुवैद्य_सांगली : वरील सल्ला योग्य आहे, मात्र त्याआधी संपूर्ण तपासणी करून घ्या. वर्तनाची म्हणून आणलेली तक्रार पुष्कळदा दुखण्याची निघते. कान, दात, मानेवरचा वळ आणि जुने अस्थिभंग पाहावेत, आणि गोचीड होते का हे सांगून रक्त तपासावे, कारण गोचीडतापाने आलेली मरगळ भीतीसारखीच दिसते. भीती अतितीव्र असेल तर औषधेही उपलब्ध आहेत, पण माणसांच्या गोळ्या स्वतःच्या अंदाजाने देऊ नयेत.

रेबीजच्या लसीची नोंद मिळाली नसेल, तर ती दिलेली नाही असे धरून चालावे. दात लागला किंवा ओरखडा उठला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ‘आपलाच कुत्रा आहे’ म्हणून थांबू नये.

डोंबिवलीकर_काका : एक मुद्दा सुटला आहे, तो म्हणजे मुलगी. नऊ वर्षांच्या मुलाला नियम कळतो, पण मैत्रिणी घरी आल्या की तो विसरतो. मोठे माणूस खोलीत नसेल तेव्हा दोघांमध्ये दार किंवा जाळी असलीच पाहिजे. शिवाय दिवाळी येत आहे. असे कुत्रे पहिल्या फटाक्याला पट्ट्यातून मान काढून पळतात आणि परतीची वाट त्यांना ठाऊक नसते. मानेवर वळ असल्यामुळे छातीचा पट्टाच वापरा, त्यावर फोन नंबर लिहा, आणि त्या आठवड्यात फिरवणे पहाटे उरकून घ्या.

साखळीने सतत आखूड बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे. तक्रार जरूर करा. मात्र त्या कलमात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड लिहिलेला आहे, हे वाचून मन खट्टू होऊ देऊ नका.

औंधकर : सर्वांचे आभार. शनिवारी तपासणी झाली. उजव्या कानात जुना, पू झालेला संसर्ग निघाला. मुलीने हात फिरवला होता तो नेमका त्याच बाजूने. मुलीला हे सांगितले तेव्हा ती रडली आणि ‘मग तो मला सांगतच होता’ असे म्हणाली. कानाची औषधे पत्नी घालते.

वडिलांनी अजून मत बदललेले नाही, पण स्वतःची काठी ते दाराबाहेर ठेवू लागले आहेत. मी रोज रात्री साडेनऊला बाल्कनीच्या उंबऱ्यापाशी पाठ करून बसतो. काल टाकलेल्या सात तुकड्यांपैकी दोन मी तिथे असतानाच खाल्ल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिले नाही.