कॉलेजात रात्री एकटाच गार्ड: राउंड, रजिस्टर, साप

नवा_पहारा (दारव्हा)
लहान कॉलेज आहे. रात्री ८ ते सकाळी ८ एकच गार्ड. दोन फाटकं, दुमजली इमारत, लॅब, मागं बोअर, बाजूला मुलींचं वसतिगृह. ८ कॅमेरे, पण लाईन गेली की बंद. कुंपणाला लागून पऱ्हाटीचं (कपाशीचं) वावर. राउंड कसे घ्यावेत, रजिस्टरमध्ये काय लिहावं, नि सापाचं काय?

रात्रपाळी
भाऊ, पहिला राउंड चार्ज घेतानाच, दिवसाच्या गार्डला सोबत घेऊन. चाव्या मोजून घ्या. कुलूप नुसतं बॅटरी मारून पाहू नका, हातानं ओढा. कोयंड्याचे स्क्रू सैल करून ठेवले असतील तर कुलूप दुरून लागलेलंच दिसतं. ओढलं की कोयंडाच हातात येतो.

नंतर पाच राउंड तरी, पण ठोक्याला नाही. आज ११:२०, १२:५०, २:१०, ३:१५, ४:४० असे घेतले तर उद्या वेळा बदला, दिशाही उलटी करा. दर तासाला शिटी वाजवत फिरलं की चोराला पुढचा तास मोकळा मिळतो. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी छातीएवढी होते, तारेतलं भगदाड बांधावरून दिसत नाही. कुंपण आतून, तारेला हात लावत चाला.

लाईन गेली की आधी गावाकडं पाहा. गावात उजेड नि कॉलेजातच अंधार असेल तर कुणी फ्यूज काढला असू शकतो. बोअरची तांब्याची केबल कापायची तर चोर आधी लाईनच बंद करतो. अशा वेळी एकट्यानं मागं जाऊ नका. फाटकाशी थांबून शिटी वाजवा, ११२ लावा.

रजिस्टरमध्ये "सर्व ठीक" लिहून भागत नाही. "२:१०, मागचं फाटक, साखळी लागलेली, केबल जागेवर, लॅबची खिडकी उघडी होती, लावली" असं लिहा, तिथल्या तिथं. सकाळी एका दमात भरलेलं रजिस्टर अक्षरावरूनच कळतं, नि चोरी झाली तर पहिला संशय गार्डवर येतो.

लॅबच्या दाराशी गॅसचा वास आला तर लाईटचं बटण लावूही नका, बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळी पडते. सिलिंडर बाहेर असेल तर कॉक बंद करा, दारं उघडा, लांब जाऊन फोन करा.

वायरमन_पुसद
कॅमेऱ्यांचं सांगतो. बहुतेक ठिकाणी डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) इन्व्हर्टरवर असतो, पण कॅमेऱ्यांचा १२ व्होल्टचा सप्लाय साध्या बोर्डावर. म्हणून लाईन गेली की रेकॉर्डिंग चालू नि चित्र काळं. तो सप्लायही इन्व्हर्टरवर घ्यायला सांगा. रात्री चित्र पांढुरकं दिसत असेल तर काचेसमोर कोळ्याचं जाळं असतं, कॅमेऱ्याचाच उजेड त्यावर पडून परततो. बांबूला कोरडं फडकं बांधून दर आठवड्याला झाडा. डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी जुळवून ठेवा. वेळ चुकली की पुरावा कच्चा पडतो.

शेतशिवार
रात्री सगळ्यात घातकी मण्यार. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही, म्हणून माणूस सकाळची वाट पाहतो. पुढं पापण्या जड होतात, मग श्वास अडतो. खाली झोपू नका. बूट झाडूनच घाला. केबिनच्या दारावरचा दिवा थोडा लांब खांबावर घ्या. उजेडाला किडे, किड्यांमागं बेडूक, बेडकांमागं साप.

दंश झाला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. मोडलेल्या हाडाला लावतात तशी लाकडी पट्टी लावून हात-पाय स्थिर ठेवा, १०८ लावा, दंशाची वेळ लिहा. सर्पविषावरची लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते आजच विचारून ठेवा. ती नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते, साप मारून न्यायची गरज नाही.

नवा_पहारा
आभारी आहे. वसतिगृहातून आरडाओरडा आला तर आत जायचं का?

रात्रपाळी
आधी रेक्टर मॅडमना फोन, नि त्या येईपर्यंत दाराबाहेर उभं राहून आवाज देत राहा. आग किंवा जिवाचा प्रश्न दिसला तरच आत, नि आत गेल्याची वेळ रजिस्टरात. मॅडमचा नंबर कागदावर लिहून केबिनच्या भिंतीला चिकटवा, मोबाइल बंद पडला तर दुसऱ्या फोनवरून लावता येईल.