सात वर्षं पगारी आरजे, आता म्हणतायत राजीनामा द्या आणि रिटेनरवर या. काय करू?

मॉर्निंगवाली
नमस्कार मंडळी. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, इथे खासगी एफएम मोजकीच आहेत, दोन वाक्यांत कळेल मी कोण ते. दक्षिण महाराष्ट्र एवढंच धरा. सकाळी सात ते अकराचा शो करते, सात वर्षं झाली. मी लागले तेव्हा पाच आरजे होते, कॉपी लिहायला वेगळा मुलगा, प्रोड्युसर वेगळा. लॉकडाऊनमध्ये दोघं गेले ते परत भरलेच नाहीत. मग दुपारचा शो पुण्यावरून यायला लागला, मग रात्रीचा. गेल्या महिन्यात इव्हनिंगवाल्याला मीटिंगला म्हणून बोलावलं आणि अर्ध्या तासात आयडी कार्ड जमा, त्या दिवशीचा शोसुद्धा करू दिला नाही, गाणी ऑटोवर टाकली. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतायत दादा आजारी आहे का, आणि आम्हाला उत्तर द्यायचं नाही असं सांगितलंय.

आता माझा नंबर. म्हणजे काढत नाहीयेत, पण राजीनामा द्यायचा आणि दुसऱ्या दिवसापासून एक वर्षाचं रिटेनर, म्हणजे नोकरी नाही, बाहेरून फीवर काम असं, अ‍ॅग्रीमेंट. हातात येणारी रक्कम जवळपास तीच, पीएफ बंद. आमच्या शहराबरोबर आणखी दोन शहरांच्या लिंक्स, म्हणजे गाण्यांच्या मधलं बोलणं, रेकॉर्ड करून ठेवायच्या, आठवड्याला चार रील्स, आणि वर स्पॉन्सर आणायचं टार्गेट. शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम आहे की माझा आवाज सध्याच्या आणि भविष्यातल्या कुठल्याही तंत्रज्ञानाने कायमस्वरूपी वापरायचा हक्क कंपनीचा. मुलगी दुसरीत आहे, नवऱ्याची नोकरी इथलीच, मुंबईला जाणं होणार नाही. सही करू की नको? आणि लाइनमधल्या लोकांनी खरं सांगा, हे सगळीकडेच चाललंय का आमच्याकडेच?

माजी_पीडी
सगळीकडेच. मी प्रोग्रॅम डायरेक्टर म्हणून दोन शहरांत प्रोग्रॅमिंग बघितलंय, २०२१ मध्ये बाहेर पडलो, म्हणजे पडायला लावलं.

हे नेटवर्किंग आलं कुठून ते बघा. फेज टूमध्ये, म्हणजे सरकारच्या २००५ च्या एफएम धोरणात, एकच कार्यक्रम अनेक स्टेशनांवर लावायची मुभा फक्त छोट्या शहरांपुरती आणि एकाच विभागात होती. फेज थ्रीमध्ये कंपनीला स्वतःच्या सगळ्या नेटवर्कवर ते करायची परवानगी मिळाली. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, म्हटलं आता छोट्या स्टेशनांवर मोठी प्रॉडक्शन येणार. आली ती व्हॉइस ट्रॅक, आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं बोलणं. चार तासांचा शो म्हणजे क्लॉकप्रमाणे, तासाच्या ठरलेल्या आखणीप्रमाणे, तासाला चार-पाच लिंक, एकेक मिनिट-दीड मिनिटाची, हे सगळं बसून रेकॉर्ड करायला तास पण लागत नाही. मग वरचा माणूस विचारतो उरलेले तीन तास हा आरजे करतो काय. तो त्या तीन तासांत फोन घेत असतो, शहरात काय चाललंय ते गोळा करत असतो, हे एक्सेलमध्ये कुठल्या कॉलमला लिहिणार?

आणि खर्च कापायचा तर दुसरं काय कापणार. लायसन्स फी सरकारची, टॉवर आणि ट्रान्समिशनचं भाडं प्रसार भारतीला, गाण्यांची रॉयल्टी म्युझिक कंपन्यांना, आणि आता गीतकार-संगीतकारांची पण वेगळी. यातलं काही घासाघीस करून कमी होत नाही. होतो तो पगार. शिवाय जुन्या स्टेशनांची फेज थ्रीत आलेली लायसन्सं ३१ मार्च २०३० ला संपतायत, पुढे काय भावात मिळतील माहीत नाही, मग चार-पाच वर्षांसाठी नवीन माणूस कोण तयार करेल? इकडे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने २३४ नवीन शहरांत ७३० चॅनलचा लिलाव करायला मंजुरी दिली, चांगलं आहे, पण ही नवीन स्टेशनं पण पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतूनच बोलणार असतील तर तिथल्या पोरांना नोकऱ्या कुठल्या मिळणार.

एअरटाइम_विकला
पीडी साहेबांना प्रोग्रॅमिंगचंच दिसणार :) मी सेल्समध्ये होतो, थोडी उलटी बाजू सांगतो.

पैसा खरंच नाहीये हो. सरकारी जाहिरातीचा बेस रेट दहा सेकंदांना ५२ रुपये, तो २०१५ च्या शेवटापासून २०२३ पर्यंत हललाच नाही, मग ७४ केला. शहराप्रमाणे पुढे वाढतो वगैरे ते सोडा, पण आठ वर्षं एकच भाव म्हणजे काय ते कळलं ना. लोकल क्लायंट म्हणजे सराफ, साड्यांचं दुकान, क्लासेस, बिल्डर. त्यांना दाखवायला आमच्याकडे आकडा कुठला? श्रोते मोजायचं ते रॅम मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळुरू चारच शहरांत होतं. सोलापूर-कोल्हापूर-जळगावात आम्ही काय विकत होतो मग? आरजेचा चेहरा. दुकानाच्या उद्घाटनाला आरजे आला, गर्दी झाली, शेठ खुश, पुढचा आरओ, म्हणजे जाहिरातीची ऑर्डर, पक्का. आता तोच शेठ म्हणतो रेडिओवर जाहिरातीचा स्पॉट नको, आरजेच्या इन्स्टावर रील टाका आणि रेडिओ त्यावर फुकट द्या. फुकट! पूर्वी रेडिओच्या पॅकेजवर रील फुकट होती.

म्हणून ताई, तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये रील आणि टार्गेट दोन्ही आहे ते साधं नाही. स्टेशनचा धंदाच आता तुमच्या अकाउंटवर चाललाय. अकाउंट कोणाच्या नावावर आहे ते आधी बघा. ते तुमचं असेल आणि शहरातले वीस-पंचवीस हजार लोक तुमच्या मागे असतील तर तुम्ही समजताय तेवढ्या लाचार नाही. टार्गेट घ्या, पण टक्का लिहून घ्या. तोंडी इन्सेंटिव्ह मी तीन दिवाळ्या ऐकलाय, मिळाला एकदाच.

आणि एक कडू सांगतो. दुपारचा शो पुण्यावरून यायला लागला तेव्हा एकाही क्लायंटने फोन करून तक्रार केली नाही. एकानेही नाही.

पंचगंगाकाठ
क्लायंटनं केली नसंल, ऐकणाऱ्यानं कुणाकडं करायची ते सांगा की. मी कोल्हापूरचा, वर्कशॉपमधी दिवसभर रेडिओ चालू असतोय. मागल्या पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले, आमचं सगळं लक्ष पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर, ३९ फुटाला इशारा पातळी, ४३ ला धोका, इथं बारकं पोरगं पण पाठ म्हणतंय हे आकडे. आणि रेडिओवर ती बाई काय म्हणत्या तर काय मस्त पाऊस पडतोय, गरमागरम भजी आणि एक रोमँटिक गाणं. अहो आमच्या मेव्हण्याच्या घरातलं सामान ट्रॉलीत भराय लागलोय आम्ही आणि भजी कुठली. तिची चूक नाही, तिनं ते आदल्या दिवशी कुठंतरी लांब बसून बोलून ठेवलेलं असणार.

२०१९ ला पाणी पंचावन्न फुटाच्या वर गेलेलं, शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. तेव्हा बॅटरीवरचा रेडिओ किती घरात चालू होता ते विचारा इथल्या माणसास्नी. मोबाइल चार्ज करायला लाइट नव्हती.

माजी_पीडी
यात मजा म्हणजे नियम आडवा येत नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे, आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं तेवढंच. पण हवामान, ट्रॅफिक, पाणी-विजेच्या सूचना, आपत्तीचे इशारे, प्रशासनाने दिलेली माहिती हे बातमीत धरतच नाहीत. म्हणजे बंधाऱ्यावरची पाणीपातळी दर तासाला सांगायला पूर्ण परवानगी आहे, सांगायला माणूस नाही. दूरसंचार नियामक ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये शिफारस केली होती की तासाला दहा मिनिटं बातम्या द्यायची मुभा खासगी स्टेशनांना द्या. सगळ्या कंपन्या त्याचं स्वागत करतात. शहरात एक आरजे ठेवून बातम्या आणणार कोण ते कोणी बोलत नाही.

एचआर_पण_माणूस
मॉर्निंगवाली, आता कागदाचं बघू. मी मीडियातली नाही पण पगारी माणसाला रिटेनरवर न्यायची असली कन्व्हर्शन्स बरीच केलीयत, दुर्दैवाने टेबलाच्या त्या बाजूला बसून.

सगळ्यात आधी, "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा" हे वाक्य लिहू नका. ते लिहिलं की तुम्ही स्वतःहून गेलात, नोकरकपातीची भरपाई वगैरे विषयच संपला. (कायद्याच्या व्याख्येत आरजे कामगार ठरतो का यावर वकील दोन्हीकडून भांडू शकतात, पण राजीनामा दिल्यावर भांडायला पण काही उरत नाही.) त्यांनी मेलवर लिहून द्यावं की कंपनीच्या निर्णयामुळे तुमची नोकरी संपतेय. देणार नाहीत, पण मागा, मागितल्याची नोंद राहते.

ग्रॅच्युइटी तुमची झालेलीच आहे, पाच वर्षं ओलांडलीत. शेवटचा बेसिक भागिले २६ गुणिले १५ गुणिले वर्षं. बेसिक १८ हजार धरला तर सात वर्षांचे साधारण ७२,७०० होतात. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झालेत, त्यात वेतनाची व्याख्या बदललीय, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. तुमचा बेसिक मुद्दाम कमी ठेवला असेल तर रक्कम वाढते, तेव्हा त्यांचं गणित तपासून घ्या. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशेब, दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असं त्याच कोडमध्ये आहे. प्रॅक्टिकली किती कंपन्या पाळतात ते मला विचारू नका.

दुसरं, वर्षाचंच कॉन्ट्रॅक्ट द्यायचंय ना, मग रिटेनर कशाला, फिक्स्ड टर्म एम्प्लॉयी, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरदार, म्हणून घ्या म्हणा. फिक्स्ड टर्मला कायम नोकरदारासारखेच फायदे लागतात आणि नवीन कोडप्रमाणे ग्रॅच्युइटी एका वर्षानंतरच चालू होते. रिटेनर म्हणजे तुम्ही कंपनीसाठी बाहेरच्या व्यावसायिक, १०% टीडीएस कापून फी, पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, बाळंतपणाची रजा नाही. "हातात तेवढेच येतात" म्हणतात त्याचा अर्थ त्यांच्या वाट्याचा १२% पीएफ वाचला. तेवढी तरी फी वाढवून मागा, हा किमान आकडा आहे, जास्तीचा नाही.

आवाजाचं कलम मात्र आहे तसं अजिबात सही करू नका. "भविष्यातलं तंत्रज्ञान" म्हणजे तुमचा आवाज मशीनला शिकवून तुमच्याशिवाय शो चालवायची सोय. आपल्याच मुंबई हायकोर्टाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या केसमध्ये परवानगीशिवाय एआयने आवाजाची नक्कल करण्यावर अंतरिम मनाई दिलीय, पण तिथे परवानगी नव्हती हो, तुम्ही तर सही करून देताय.

एअरटाइम_विकला
हे घाबरवणं नाहीये. पोलंडमध्ये क्राकूवच्या ऑफ रेडिओने ऑक्टोबर २०२४ ला माणसं कमी करून एआयचे निवेदक बसवले, आणि वर शिम्बोर्स्का या वारलेल्या कवयित्रीची "मुलाखत" घेतली! लोकांनी सह्यांची मोहीम काढली, आठवड्याभरात गुंडाळलं. आपल्याकडे कोण सह्या करणार तो भाग वेगळा.

रिकामटेकडा_श्रोता
एवढं कशाला टेन्शन, पॉडकास्ट चालू करा, यूट्यूबवर या. रेडिओ कोण ऐकतंय आता.

मॉर्निंगवाली
@रिकामटेकडा_श्रोता दादा, पॉडकास्ट आहे माझा, दोन वर्षं झाली. त्यातून महिन्याचा रिक्षाचा खर्च निघत नाही. आणि रेडिओ कोण ऐकतं ते वर वर्कशॉपवाल्यांनी लिहिलंय, तेवढं वाचा.

बाकीच्यांना, इन्स्टा अकाउंट माझ्याच नंबरवर आहे पण हँडलमध्ये स्टेशनचं नाव आहे. ते काढून टाकू का आत्ताच? आणि आकाशवाणीचं कोणी आहे का इथे, तिकडे काही मार्ग?

ड्यूटी_ऑफिसरला_विचारा
आहे, मी आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर, बरीच वर्षं. ऑडिशन निघाली की द्या जरूर, लेखी, आवाज चाचणी, पास झालात की वाणी सर्टिफिकेट कोर्स, मग पॅनलवर नाव. पण ती नोकरी नाही हे डोक्यात ठेवा. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या, त्याही शेड्यूलमध्ये नाव आलं तर. कायम करा म्हणून देशभरातले कॅज्युअल कोर्टात फेऱ्या मारतायत. कायम निवेदकांची भरती माझ्या तरी बघण्यात नाही, रिटायर झालेल्याची खुर्ची रिकामीच राहते. केंद्रांचंही तसंच, जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभागच बंद करायचा आदेश आलेला, अधिकारी नाही म्हणून. ओरडा झाला, आदेश थांबला. तेव्हा सरकारी म्हणजे पक्कं असं नाही.

तरी सांगते, बोलण्यातलं सुख इथे अजून आहे. शेतीचा कार्यक्रम असतो तेव्हा माणूस स्वतःच्या शेतातून फोन लावतो आणि त्याला दीड मिनिटात गुंडाळायचं नसतं. फक्त खासगीत असताना आकाशवाणीच्या ड्यूट्या करता येणार नाहीत, रिटेनर झालात तरी त्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये एक्सक्लुझिव्हचं, म्हणजे दुसरीकडे काम करायचं नाही असं, कलम असणारच, बघा.

एचआर_पण_माणूस
हो, ते मुख्य राहिलं. फायदे रिटेनरचे म्हणजे शून्य आणि बंधनं नोकरदाराची असं चालत नाही. एक्सक्लुझिव्ह हवं असेल तर फक्त एफएम स्टेशनांपुरतं ठेवा म्हणा, डबिंग, व्हॉइसओव्हर, अँकरिंग, आकाशवाणी मोकळं. हँडलमधलं स्टेशनचं नाव सही व्हायच्या आत काढा, आणि जुन्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये सोशल मीडियाबद्दल काही लिहिलंय का ते आधी वाचा.

मॉर्निंगवाली
वाचलं, जुन्या लेटरमध्ये सोशल मीडिया शब्दच नाहीये, तेव्हा कोणाला सुचलं नसणार. नव्या कागदात एक्सक्लुझिव्ह आहे, "कोणत्याही स्वरूपाचं ध्वनिकाम" असं. म्हणजे सोसायटीच्या गणपतीत माइक हातात घेतला तरी परवानगी काढायची.

सोमवारी मेल टाकतेय. फिक्स्ड टर्म, नाहीतर फी वाढवून आणि ध्वनिकाम मोकळं. टार्गेटवर टक्का लेखी. आवाजाचं कलम फक्त माझ्या प्रत्यक्ष रेकॉर्डिंगपुरतं, त्यावरून नवीन आवाज बनवायचा नाही, आणि अ‍ॅग्रीमेंट संपलं की सहा महिन्यांत प्रोमो-जिंगलमधून पण काढायचा. बाकीच्या दोन शहरांसाठी मी एकच अट घालतेय, तिथला एक तरी माणूस रोज सकाळी मला फोनवर पाहिजे, तिथे काय चाललंय ते सांगायला. ही अट हसण्यावारी नेतील बहुतेक.

@पंचगंगाकाठ ते बंधाऱ्याचे आकडे रोज कुठून मिळतात तुम्हाला, कलेक्टर ऑफिसच्या ग्रुपवर का?

पंचगंगाकाठ
जिल्हा प्रशासनाचा रिपोर्ट येतोय, पावसाळ्यात दिवसातनं दोन-तीनदा. आमच्या तालमीच्या ग्रुपवर लगेच पडतोय. नंबर डीएम करा, तुम्हास्नी अ‍ॅड करतो.